गाऱ्हाणं आणि कौल

लॅपटॉप सुरू होत नसला की माणूस आधी बटण दाबतो. काही होत नाही, म्हणून पुन्हा दाबतो. मग जरा जोर लावून दाबतो, पहिल्या दोन खेपांना त्याला ऐकू गेलं नसावं अशा समजुतीने. चौथ्या खेपेला बोट बदलतो. तरीही पडदा काळाच राहिला की गाऱ्हाणं सुरू होतं. गाऱ्हाणं म्हणजे काय हे सिंधुदुर्गात कुणाला सांगायला नको. घाटावरच्या वाचकासाठी एवढंच, की देवापुढे उभं राहून गावाच्या वतीने सगळ्यांचं सगळं एका दमात सांगायचं, गावात राहिलेल्यांपासून मुंबईला गेलेल्यांपर्यंत, पोरांच्या परीक्षेपासून गुरांच्या दुखण्यापर्यंत, आणि दर थांब्याला जमलेल्या मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लॅपटॉपचं गाऱ्हाणं ह्याच चालीवर जातं. काल रात्रीपर्यंत बरो होतो, व्हय म्हाराजा. कोणी हात लावूक नाय, व्हय म्हाराजा. आत तीन वर्षांचे हिशेब आहेत, उद्या अकराला बैठक आहे, वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली, व्हय म्हाराजा. शेवटी एक शब्द येतो, तो ठरलेला असतो: अचानक. चार्जरची वायर गेले सहा महिने खाली काडेपेटी ठेवून एका ठरावीक कोनात धरल्याशिवाय चालत नव्हती, पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजत होता, अपडेटची सूचना रोज ‘नंतर ये’ म्हणून परत पाठवली जात होती. पण बंद पडला तो अचानक.

हे गाऱ्हाणं जिल्ह्यात सगळ्यात दाट कुठे ऐकू यावं, तर सिंधुदुर्गनगरीत. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि त्याचं मुख्यालय म्हणून ओरोस ठरलं, तीच ही सिंधुदुर्गनगरी. कोकणातली गावं बंदर म्हणून वाढली, पेठ म्हणून वाढली, देवस्थान म्हणून वाढली. ही नगरी कचेरी म्हणून वाढली. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, न्यायालय, जिल्हा रुग्णालय, सगळं इथे. दोडामार्गपासून वैभववाडीपर्यंत आठ तालुक्यांचे कागद शेवटी ओरोसला पोचतात, आणि कागद म्हणजे आता लॅपटॉप. पूर्वी फाईल हरवायची, तिला शोधता यायचं. निदान शिपायाला तरी शोधता यायचं. आता फाईल समोर टेबलावरच असते, फक्त झाकण उघडून आत शिरता येत नाही. २०२५ साली तर कारभारात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारा देशातला पहिला जिल्हा म्हणून सिंधुदुर्गचा गवगवा झाला. गवगव्याबद्दल तक्रार नाही. मात्र बुद्धी कृत्रिम असो की उपजत, ती कामाला लागण्याआधी बटण दाबल्यावर दिवा पेटावा लागतो, ही अट अजून कोणत्याही शासननिर्णयाने शिथिल झालेली नाही.

गंमत अशी, की ज्या देवळात गाऱ्हाणं घालतात त्याच देवळात, बहुधा त्याच गुरवाच्या हातून, आणखी एक विधी होतो. त्याला कौल लावणं म्हणतात. पाषाणाला ओल्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवायचे, एक प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. प्रश्न एकच, आणि तोही हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येईल असा घडवलेला. ‘माझं कसं होणार’ असं कौलात विचारता येत नाही; ‘विहीर वरच्या कुणग्यात खणू का’ असं विचारावं लागतं. म्हणजे देवाला विचारण्याआधी माणसाला स्वतःला विचार करावा लागतो, आणि कौलातला निम्मा गुण बहुधा तिथेच असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की बंद पडलेल्या लॅपटॉपचं दुखणं शोधण्याची जी रीत चांगले कारागीर वापरतात, तिचा सांगाडा नेमका हाच आहे. एका वेळी एक प्रश्न, उत्तर हो किंवा नाही, आणि त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न. ज्या जिल्ह्याला ही रीत पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडली आहे, त्याने लॅपटॉपपुढे मात्र नुसतं गाऱ्हाणं घालावं हे काही बरं दिसत नाही.

यावर विवेकवादी वाचक उसळेल, की श्रद्धेची गोष्ट यंत्राला कशाला लावता? त्याने शांत व्हावं. पाकळी का पडते याबद्दल इथे काहीच म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते प्रश्नाच्या आकाराबद्दल. लॅपटॉपला देवत्व नाही, पण हो आणि नाही यांखेरीज तिसरी भाषाही त्याला येत नाही, त्याची सगळी घडणच शून्य आणि एक यांची. उलट, विवेकवाद्याला आनंद वाटावा अशी एक कबुली देतो: कौलाची जी प्रसिद्ध खोड, मनासारखा पडेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचा, तीच लॅपटॉपपुढेही दिसते. चार वेळा बटण दाबणं म्हणजे डावा पडलेला कौल चार वेळा लावणं. प्रश्न तोच, उत्तर तेच, फक्त विचारणाऱ्याचा रक्तदाब वेगळा. आणि कोकणी माणसाला धीर नाही असंही म्हणता येणार नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा कोणत्या तारखेला भरणार हे पंचांगात सापडत नाही. ती तारीख देवीच्या कौलाने ठरते, आणि ती कळेपर्यंत मुंबईतला चाकरमानी रजेचा अर्ज आणि रेल्वेचं तिकीट दोन्ही अडवून बसतो. देवीपुढे जो माणूस आठवडेच्या आठवडे थांबतो, तो लॅपटॉपपुढे तीस सेकंद थांबत नाही.

तर पहिला कौल विजेचा. हा प्रश्न इतका साधा आहे की तो विचारायला लाज वाटते, म्हणून तो शेवटी विचारला जातो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून वर गेलं, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत लॅपटॉप का उठत नाही असं कुणी विचारलं नाही, कारण ‘लायट आसा काय?’ ह्याचं उत्तर घराघरात आधीच मिळालेलं होतं. एरवी मात्र वीज आहे असं आपण धरून चालतो. पंखा फिरतोय ना, मग झालं! पण पंख्याची वीज म्हणजे लॅपटॉपची वीज नव्हे. भिंतीतल्या २३० व्होल्टचं चार्जर साधारण १९-२० व्होल्ट करतो, मग ती वायरीतून, वायरीच्या टोकातून, लॅपटॉपच्या खोबणीतून आत पोचते, आणि वाटेत चार-पाच ठिकाणी अडू शकते. चार्जरवरचा दिवा पेटला एवढ्याने निष्कर्ष काढू नये. कोकण रेल्वेच्या सिंधुदुर्ग स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला हा फरक पटकन कळतो: पाटीवर सिंधुदुर्ग लिहिलंय, पण किल्ला मालवणला, समुद्रात. अजून तासाभराचा रस्ता आणि वर होडी बाकी असते. चार्जरचा दिवा ही स्टेशनवरची पाटी. वीज किल्ल्यात पोचली का, ते लॅपटॉपच्या अंगावरचा दिवा सांगतो.

विजेच्याच कौलात एक नवा घोटाळा शिरला आहे, त्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. पूर्वी प्रत्येक कंपनीची पिन वेगळी, त्यामुळे चुकीचा चार्जर बसतच नसे. आता मोबाईलची आणि बऱ्याच लॅपटॉपची खोबण एकच झाली, टाईप-सी. म्हणून घरातला जो सापडेल तो चार्जर लावला जातो, तो बसतोही झकास, आणि लॅपटॉप ढिम्म. पंधरा-अठरा वॅटच्या मोबाईल चार्जरने पंचेचाळीस किंवा पासष्ट वॅट मागणाऱ्या लॅपटॉपचं पोट भरत नाही. बॅटरी साफ उतरलेली असेल तर तो डोळाही उघडत नाही. पत्रिका जुळली म्हणून संसार चालतोच असं नाही. तेव्हा दुसऱ्या चार्जरने पाहायचं तर तो त्याच ताकदीचा हवा, दुसऱ्या सॉकेटात हवा, आणि मधला एक्स्टेंशन बोर्ड वगळून हवा. त्या बोर्डाला इस्त्री, मिक्सर आणि गणपतीतली रोषणाई यांचा इतिहास असतो. तिसरी पिन कापून दोन पिनांच्या भोकात बसवलेला चार्जर वळिवाच्या विजांपुढे फार दिवस टिकला, तर तो त्याचा मोठेपणा.

वीज पोचली, दिवा पेटला, तरी पडदा काळा. इथून खरी कथा सुरू होते. संगणक सुरू होण्याला ‘बूट होणं’ म्हणतात, आणि मराठी माणसाच्या डोळ्यासमोर पायताण येतं. ते अगदीच चूक नाही. बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला वर उचलणं, या अशक्य कसरतीवरून तो शब्द आला. चिमूटभर आज्ञावली जागी होते, ती तिच्याहून मोठीला उठवते, ती आणखी मोठीला. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. चपला झिजल्या म्हणजे देव उठला होता, याहून नेमकी ‘बूट’ची व्याख्या संगणकशास्त्राच्या पुस्तकातही मिळायची नाही.

ह्या उठण्याचा क्रम समजून घ्यायला आपल्या दशावतारी नाटकासारखा नकाशा नाही. पडदा सरकला की एकदम राजा दरबारात बसलेला दिसतो असं दशावतारात होत नाही. आधी पेटी आणि पखवाज लागतात, नाईक नमन म्हणतो. मग गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, वेद पळवणारा काळा संकासुर जीभ काढून नाचतो, विष्णू त्याचं पारिपत्य करतो, आणि मग कुठे आख्यान. लॅपटॉपचंही तसंच. पेटी लागणं म्हणजे आतला छोटा नियंत्रक जागा होऊन पंखा हलणं, कळफलकाचा दिवा उजळणं. गणपती म्हणजे बायोस, हल्लीच्या नावाने यूईएफआय. तो आल्याबरोबर सगळ्या पात्रांची हजेरी घेतो, स्मृती आहे का, पडदा आहे का, कळफलक आहे का. कंपनीचं बोधचिन्ह पडद्यावर दिसलं की गणपती येऊन गेला असं समजावं. मग डिस्कवर वेद शोधले जातात, म्हणजे कार्यप्रणाली कुठे ठेवली आहे ते. ‘बूट करण्याजोगं काही सापडलं नाही’ असा मजकूर आला तर संकासुराने वेद पळवले. तो संकासुर बहुतेक वेळा बाजूच्या खोबणीत कालपासून विसरलेला पेनड्राइव्ह असतो. लॅपटॉप त्यातच वेद शोधत बसलेला असतो. काढून घ्या, विष्णूला बोलवावं लागणार नाही. आणि गोल चक्र फिरू लागल्यावर सगळं अडलं, निळा पडदा आला, तर पूर्वरंग निर्विघ्न झालाय, आख्यानातलं कुणीतरी संवाद विसरलंय. ‘लॅपटॉप चलणा नाय’ या एका वाक्यात ही निदान चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात, आणि त्यांची औषधं एकमेकांच्या उपयोगाची नाहीत. पेटीच वाजत नसताना विंडोज नव्याने टाकायचा सल्ला देणारा शेजारी, वादक आलेले नसताना राजाचा मुकुट घासून देणाऱ्यासारखा आहे. हेतू चांगला.

पेटी वाजते पण गणपती दिसत नाही, ही अवस्था सगळ्यात फसवी. पंखा फिरतो, दिवा पेटतो, पडदा काळा. इथे विचारायचा प्रश्न असा, की नाटक चालू नाही की नाटकाचे दिवे गेले आहेत? खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरावा. पुसटसं चित्र दिसलं तर नाटक बिनबोभाट चालू आहे, मागचा प्रकाश तेवढा गेला. किंवा केबलने टीव्हीला जोडून पाहावं. तिथे राजा दिसला तर दरबार शाबूत आहे, खर्च पडद्यापुरता. दोन्हीकडे अंधार असेल तर कान द्यावा. काही लॅपटॉप अशा वेळी ठरावीक बीप देतात किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवतात, आणि कंपनीगणिक त्याचा अर्थ वेगळा असतो. हा तर यंत्राने आपणहून दिलेला कौल, आणि आपण तो मोजण्याऐवजी ‘बघा कसा ओरडतोय’ म्हणतो. असे बीप बऱ्याचदा रॅमबद्दल असतात. ती पट्टी काढून, तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवणं ही दुरुस्तीवाल्यांची जुनी युक्ती आहे. ज्या प्रांतात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते, तिथे रॅमच्या कडेवर थर साचला तर तिचा काय दोष!

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. लोक म्हणतील, एवढे कौल कशाला? बंद करून चालू केलं की दहापैकी आठ वेळा होतं. आकडा त्यांचा, पण मुद्दा खरा आहे, आणि तो कौलाच्या विरोधात जात नाही. फक्त बंद म्हणजे कोणतं बंद, हे विचारायला हवं. बॅटरी जागेवर असेपर्यंत लॅपटॉपचा नियंत्रक कधीच पुरता झोपत नाही, आणि तोच अडकून बसला असेल तर वरचं बटण कितीही दाबा, ते ऐकणाराच बधीर असतो. म्हणून चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, बटण तीस सेकंद दाबून धरायचं. आतली उरलीसुरली वीज ओसरते आणि नियंत्रक पाटी कोरी करून उठतो. हा इलाज खरोखर लागू पडतो आणि त्यात गूढ काही नाही. दुसरं म्हणजे विंडोज आठपासून, साधारण २०१२ पासून, ‘शट डाऊन’ ही शब्दशः खरी गोष्ट राहिली नाही. लवकर उठता यावं म्हणून ती प्रणाली आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवते आणि सकाळी तोच परत उचलते. कालचा गोंधळ आजही तिथेच. पुरतं बंद होऊन उठणं हवं असेल तर ‘रिस्टार्ट’ म्हणावं लागतं. वेळ वाचवायला पूर्वरंग कापून थेट आख्यान लावण्याची चाल दशावतारातही आलीच आहे. रसिक कुरकुरतात, पण लॅपटॉपबद्दल अशी कुरकुर कुणी केली नाही, कारण कापलेलं कुणाला कळलंच नाही.

पुन्हा पुन्हा बटण दाबणाऱ्यांच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाच्या संगणक-सुरक्षेच्या कंपनीने आपल्या आज्ञावलीसाठी एक सदोष फाईल जगभर पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. विमानं खोळंबली, रुग्णालयं अडली, आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी एसटीच्या वाहकाने अख्ख्या विमानव्यवसायाकडे थोडं वरून पाहिलं असेल तर ते क्षम्य होतं. आणि मायक्रोसॉफ्टने काय सांगावं? आपल्या अझूर सेवेवरची यंत्रं पुन्हा पुन्हा सुरू करून पाहा. काही ग्राहकांना पंधरा-पंधरा वेळा केल्यावर यश आलंय! म्हणजे चौथ्या खेपेला बोट बदलणारा माणूस थोडा लवकर थांबला, एवढंच? तसं नाही. दर खेपेला ते यंत्र कोसळण्याआधी काही क्षण नेटला जोडलं जात होतं, आणि तेवढ्यात दुरुस्त फाईल उतरली तर सुटत होतं. ती शर्यत होती, म्हणून पंधरा संधी. शिवाय सल्ला देणाऱ्यांना तोवर ठाऊक होतं की वीज आहे, पडदा आहे, गणपती आला, वेद मिळाले, आख्यान सुरू झाल्यावर अडलं. उरलेला प्रश्न एकच, कालपासून काय बदललं? त्याचं उत्तर ती फाईल. नेटने न सुटलेल्या यंत्रांपाशी मात्र माणसाला जावं लागलं, सेफ मोडमध्ये शिरून ती फाईल हाताने पुसावी लागली, एकेक करत.

आणखी एक आक्षेप खास आपल्याकडचा: ही हवाच तशी. हवेवर सगळं ढकलण्यात फार मोठी सोय आहे, कारण हवा उलट उत्तर देत नाही. खारं वारं तांब्यावर हिरवट गंज चढवतं हे खरं, आणि देवगड-मालवणच्या समुद्रालगत ते जाणवतंही. पण ओरोस काही किनाऱ्यावर नाही, आणि इथला प्रत्येक बंद लॅपटॉप समुद्राच्या नावावर घालायचा तर समुद्राला महामार्ग ओलांडून यावं लागेल. पाणी खरोखरच आत गेलं असेल, कपातला चहा किंवा कौलांतून गळणारं, तर मात्र एकही कौल लावायचा नाही. बटण नाही, चार्जर नाही. वीज तोडून, उपडा करून सरळ दुरुस्तीवाल्याकडे. तांदळाच्या डब्यातही नाही. भिजलेला आयफोन तांदळात पुरू नका, बारीक कण आत जातात, असं ॲपलने २०२४ मध्ये लेखी सांगून टाकलं. तांदूळ पाषाणाला लावावेत, नाहीतर शिजवावेत. तसंच, खालचं झाकण फुगलेलं दिसलं किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरीत वायू साठलाय. तिला दाबून बसवायला जाऊ नये, चार्जही करू नये. हा डावा कौल समजावा आणि तिथून उठावं.

राहिला आळशी माणसाचा आक्षेप, आणि आळशी माणसांबद्दल मला आदर आहे: कुडाळला नाहीतर कणकवलीला दुरुस्तीवाला बसलाय, तो बघून घेईल. जरूर जावं. पण तिथे तो विचारणार काय? दिवा पेटतो का, पंखा फिरतो का, नाव दिसतं का, शेवटी काय केलं होतंत. म्हणजे कौल तोही लावणारच, त्याचे पैसेही घेणार, आणि त्यात काही गैर नाही. उत्तरं घेऊन गेलात तर तो पडद्यापासून सुरू करेल. गाऱ्हाणं घेऊन गेलात तर भिंतीवरच्या बटणापासून. त्याला सगळ्यात कमी उपयोगी पडणारं वाक्य म्हणजे ‘आत फार महत्त्वाचं आहे हो’. ते डिस्कवर आहे, लॅपटॉप मेला तरी डिस्क बहुधा जिवंत असते, काढून दुसऱ्या यंत्राला लावता येते. फक्त एक पाचर असते. हल्लीच्या पुष्कळ विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि ते कुलूप ४८ अंकी किल्लीशिवाय उघडत नाही. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. खात्याचा पासवर्ड बंद लॅपटॉपला पाठ असतो, मालकाला नसतो. तेव्हा हे वाचताना तुमचा लॅपटॉप चालू असेल तर आजच त्या खात्यात जाऊन ते ४८ अंक कागदावर उतरवून घ्या. सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्या ज्या ट्रंकेत आहेत त्यात ठेवा. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.